मोसमच्या काठावरचा फोन

प्रिय योगेश,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. काही चुकलेलं नाही. म्हणजे तुझं नाही. पत्ता आपल्या हॉस्पिटलच्या औषध विभागातल्या अमोलकडून मिळवला. नंबरही देत होता, पण तुला फोन मी मुद्दाम केला नाही.

हल्ली मला एकच स्वप्न पडतं. कधी न पाहिलेली नदी, घोट्याएवढं पाणी, काठावर पाठमोरी उभी माणसं. कोणी बोलत नाही. मी मात्र मोठ्याने आकडे विचारत असते, आणि ते आकडे पानांसारखे पाण्यावरून तरंगत जातात. जाग आल्यावरही थोडा वेळ ते दिसत राहतात. आमच्या मॅडम स्वप्नं सांगायला लागल्या, म्हणून हसशील. हस.

हॉस्पिटलची सर्व्हरची खोली तशीच आहे. बाहेर नाशिकचं ऊन, आत गारवा आणि पंख्यांचा एकसुरी आवाज. तिथेच आपण ती दोन जुनी यंत्रं आजारी मुलांसारखी सांभाळली. इमारतीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता द्यायचा आणि कोणी नाव घेतलं की त्याचा पत्ता सांगायचा, एवढंच त्यांचं काम. पण ते थांबलं की सगळे कॉम्प्युटर चालू असूनही मुके. नावापत्त्यांची यादी हाताने लिहिलेली. ती कळायची फक्त तुला आणि मला. मला त्याचा अभिमान होता.

तू अप्लायन्स घेऊ म्हणालास. या कामापुरतंच बांधलेलं तयार सॉफ्टवेअर, कुठल्याही साध्या सर्व्हरवर चढवायचं. "मॅडम, मिक्सर घेताना मोटार वेगळी आणि भांडं वेगळं आणून आपण जोडत बसतो का?" मी सगळ्यांसमोर म्हटलं, "पाट्यावरच्या वाटणाची चव मिक्सरला येत नाही, योगेश. हात दुखत असतील तर तसं सांग." सगळे हसले. तूही हसलास.

दोन महिन्यांत तुझे वडील गेले. तू मोसम नदीकाठच्या तुझ्या गावी, नामपूरला गेलास. दहाव्याच्या सकाळी मी लॅबच्या नव्या कॉम्प्युटरांसाठी यादीत बदल केला. एक ओळ चुकून पुसली, आणि यादीच्या डोक्यावरचा आकडा एकाने वाढवायला विसरले. तो वाढला नाही की दुसऱ्या यंत्राला बदल झाल्याचं कळतच नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. दोन यंत्रं दोन उत्तरं देऊ लागली. लॅबचे रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत पोहोचेनात, पेशंटची रांग फाटकापर्यंत. मी तुला फोन लावला. तीनदा तू कापलास, चौथ्यांदा घेतलास. चाळीस मिनिटं तू एकेक ओळ आठवून सांगितलीस, मी तपासत गेले. मागे पाण्याचा आवाज होता, कोणी खोकत होतं. मग एक म्हातारा आवाज आला, बहुधा तुझ्या काकांचा: "फोन ठेव रे भाऊ, बाप उपाशी शे."

मी ते ऐकलं होतं, योगेश. ऐकूनच म्हणाले, "पुढची ओळ सांग."

त्याच संध्याकाळी संचालकांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की योगेशच्या मांडणीत दोष होता. तू परत आल्यावर महिन्याने राजीनामा ठेवलास.

गेल्या वर्षी मी अप्लायन्स आणलं. तूच दाखवलं होतंस, तसंच. आता यादी पडद्यावरच्या फॉर्ममध्ये भरायची. चुकीचा पत्ता टाकला तर घेतच नाही. आकडा आपोआप वाढतो. आत या कामाशिवाय दुसरं काहीच नाही, त्यामुळे बिघडायला आणि बाहेरच्याला शिरायला जागाही कमी. कोणी काय बदललं याची नोंद राहते, माझ्याही चुकांची. निकिता नावाची हरसूलची मुलगी आता ते बघते. हुशार आहे आणि मला अजिबात घाबरत नाही.

या महिन्यात तिचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी अकराच्या सुमाराला नव्या जोडीतलं पहिलं यंत्र मेलं. सवयीने माझ्या हातात फोन आला, तिचा नंबरही लावला. रिंग जायच्या आत पडद्याकडे लक्ष गेलं. दुसऱ्या यंत्राने काम उचलून चौदा मिनिटं झाली होती. मी फोन ठेवला आणि ओपीडीत जाऊन उभी राहिले. एक आजीबाई आपला रिपोर्ट डोळ्यांजवळ धरून बघत होत्या. कोणाला काही कळलं नव्हतं. मग कोपऱ्यातल्या एका साध्या सर्व्हरवर तेच सॉफ्टवेअर चढवलं, यादीची जपून ठेवलेली फाइल भरली. चहा निवायच्या आत जोडी पुन्हा पूर्ण. मी एकटीने केलं. हरसूलला तेव्हा निकिताला हळद लागत असेल. ती परत आल्यावर म्हणाली, "मॅडम, एकही फोन नाही? मला वाटलं तुम्ही रागावलात."

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या पंख्यांच्या आवाजात, जागेपणी, मला पहिल्यांदा तुमची मोसम दिसली.

सोमवारी संचालकांना लेखी दिलं की अकरा वर्षांपूर्वीची चूक माझी होती. त्याची प्रत सोबत आहे. तुझं नाव त्यात स्वच्छ आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. सगळं सुरू झाल्यावर मी तुला "बरं" एवढंच म्हणून फोन ठेवला होता. पुढचं कधी विचारलं नाही. तू तसाच काठावर उभा असशील, पिंड समोर असेल. कावळा शिवला का रे? की माझा फोन संपायची वाट बघून तो निघून गेला होता आणि तुम्हाला दर्भाचा कावळा करावा लागला? खरं असेल ते लिही.

तुझी,
सरोजिनी मॅडम