बिनपॉलिशचा डाय

३ नोव्हें.
दौंडवाल्यांचा डाय स्पार्कवर, ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या मशीनवर, चढवला. नांगराचे फाळ ठोकायचा साचा. तापलेलं लोखंड त्याचं पोट लवकर खातं. म्हणून या वेळी मशीनच्या तेलात टंगस्टनची भुकटी. ठिणगीबरोबर ती पोलादाच्या अंगात शिरते, कातडी कडक होते म्हणे. हाही झिजला तर दौंडवाले काम पुण्याला देणार. मग आमच्या शेडला कुलूपच.

६ नोव्हें.
डाय उतरला. राखाडी, मळकट. सोबतच्या तुकड्यावर कानस मारली, नुसती घसरली. थर केसाहून पातळ. पॉलिश म्हणजे आबांचं, माझ्या वडिलांचं, जन्माचं काम. त्यांना बजावलं, याला पॉलिश नाही. म्हणाले, "आसा तोंड न धुतलेला माल आपल्या दारातनं कवा गेला न्हाई." हसले. मीही हसले.

९ नोव्हें.
निमोण्याला मावशीच्या दहाव्याला गेले. माझ्या मागे टेम्पो आला, आबांनी डाय चढवून दिला. सुटले एकदाची.

२८ नोव्हें.
दौंडहून फोन. "ताई, नवा बी जुन्यावानीच झिजला. चमक मात्र झ्याक हुती, तोंड दिसायचं."
चमक?

२९ नोव्हें.
आबांना विचारलं. "व्हय, मारलं पालिश. तू निमोन्याला गेलतीस तवा. लोकं काय म्हनली आस्ती?"
भांडायचं ठरवूनच गेले होते. त्यांच्या हातातला चहा बशीत सांडत होता. त्या हातांनी एवढं एकसारखं घासलं! राग आला, रडूही. मग समजावलं, कडक थर वरच असतो, घासला की गेला. त्यांनी कप खाली ठेवला. मग, "म्हंजी माजं कामच ऱ्हायलं न्हाई म्हन की."
मी कपबशी विसळायला घेतली.

२ डिसें.
दौंडवाल्यांच्या हातापाया पडले. "येक डाव बगतो ताई. मग आमी मोकळं."

११ डिसें.
दुसरा डाय उतरला. तसाच राखाडी. आबांनी फडक्यानं तेल पुसलं, पोटावरून अंगठा फिरवला. "खरखरीत हाय." म्हटलं, असू दे. पॉलिशचा दगड त्यांच्या बाकावरच आहे. उचलून ठेवावा असं मनात आलं, पण हात धजेना.
टेम्पो उद्या येणार. आणि तेलाचा पंप पाबळला दुरुस्तीला पडलाय, सकाळी आणायला जायचंय.
"जा तू बिनघोर," आबा म्हणाले. "म्या देतो चढवून."
नाही गेले, तर का नाही गेले ते त्यांना कळणार.