झेंडावंदनानंतरची कवायत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, अहिल्यानगर.

अर्जदार : काकासाहेब धांडे, मुख्याध्यापक, शिस्तवर्धिनी विद्यालय, आढळवाडी, ता. कर्जत.

विषय : प्रजासत्ताकदिनी शाळेच्या मैदानावर घडलेला प्रकार नृत्य होता की कवायत, हे तातडीने ठरवून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने रागाच्या भरात केलेली दि. २७ जानेवारीची तक्रार.

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदाराची शाळा शिस्तीसाठी पंचक्रोशीत नावाजलेली आहे. मुले हात मागे बांधून वर्गात जातात. पाण्याच्या टाकीपाशीही ढकलाढकली होत नाही. स्नेहसंमेलनात भाषणे, समूहगीत आणि पुन्हा भाषणे होतात. नाच मात्र होत नाही. ‘पाय चालायला दिलेत, थिरकायला नाही’ हे अर्जदाराचे वाक्य दर्शनी भिंतीवर ठळक रंगवलेले आहे.

२. तथापि गणिताच्या शिक्षिका श्रीमती अख्तरी शेख आणि क्रीडाशिक्षक श्री. गोरक्षनाथ भापकर यांना नववीतल्या रेश्माच्या नाचाचे भारी कौतुक. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचे दार लोटून शेखबाई मात्रा मोजतात, भापकर बाकावर ठेका धरतात आणि पोरगी नाचते, हे अर्जदाराने स्वतः खिडकीतून पाहिले. (खिडकीपाशी अर्जदार बराच वेळ उभा होता, तो निव्वळ चौकशीसाठी.) त्यानंतर नाचास बंदीचा लेखी आदेश काढला. दोघेही ‘बरं सर’ म्हणाले, तेव्हाच खरे तर शंका यायला हवी होती. आठवड्याने त्यांनी रेश्माला कवायतप्रमुख करण्याची परवानगी मागितली. पोरगी वळणावर आली, या आनंदात अर्जदाराने सही तर केलीच, वर स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढून भापकरांना दिली.

३. येथे शाळेचा एक नियम नमूद करणे भाग आहे. शिट्टी वाजली की कवायतप्रमुख समोर उभा राहून जे करील, तेच मैदानावरच्या प्रत्येकाने दुसरी शिट्टी होईपर्यंत करायचे. यातून शिक्षक, शिपाई कुणालाही सूट नाही. नियम अर्जदाराचाच, आणि आदर्श म्हणून पहिल्या रांगेत उभा राहतो तोही अर्जदारच.

४. झेंडावंदन झाले. भापकरांनी शिट्टी फुंकली व ड्रमवर ठेका धरला. रेश्माने हात कमरेवर ठेवले. इथवर सारे रीतसर होते. मग तिने गिरकी घेतली. तिच्यामागून सगळ्या शाळेने गिरकी घेतली. समोर सरपंच, पालक, निम्मे गाव. थांबावे तर नियम मोडतो, न थांबावे तर शोभा होते, अशी इकडे आड तिकडे विहीर झाली. अर्जदाराने नियम पाळला. दुसरी शिट्टी वाजवायला भापकरांना एवढा वेळ का लागला, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

५. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने दोघांवर शिस्तभंगाच्या कारवाईची तक्रार आपणांकडे धाडली. त्यावर शेखबाईंनी अत्यंत आदबीने विचारले की, ते नृत्य असेल तर पहिल्या रांगेतल्या दोषींचे काय, आणि ती कवायत असेल तर तक्रार कशाची. गणिताच्या बाई त्या, त्यांच्याशी वाद कोण घालणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

६. तेवढ्यावर भागले असते, तर अर्जदार गप्प बसला असता. परंतु येत्या शुक्रवारी नगरला जिल्हास्तरीय लोकनृत्य स्पर्धा असून दोघा शिक्षकांनी रेश्माचे नाव परस्पर दिले आहे. तिचे वडील श्री. कारभारी हे सुप्याच्या कारखान्यात कामाला आहेत. सुट्टीच्या दिवशी ते मुलीला घेऊन अर्जदाराच्या घरी आले व म्हणाले, “सर, लोकं लई बोलत्यात. तुमी म्हनला तर पाठवतो. न्हाई म्हनला तर घुंगरं आजच विहिरीत टाकतो.” पोरगी दाराशी खाली मान घालून उभी होती. अर्जदाराच्या जिभेवर ‘नाही’ आलेच होते. तरी रीत म्हणून तिला विचारले की, तुझे काही म्हणणे आहे काय.

ती म्हणाली, “सर, त्या दिशी तुमी एकदाबी चुकला न्हाई.”

महोदय, सबंध नोकरीत अर्जदाराला असे कुणी म्हटलेले नाही. घरीही नाही. लिहायला लाज वाटते, पण अर्ज खरा असावा : अर्जदाराला चष्मा पुसावा लागला.

७. सबब नम्र विनंती की, सदर प्रकार कवायतच होता असे ठरवून दोन्ही शिक्षकांवरील तक्रार रद्द व्हावी. आपल्या मते ते नृत्यच असल्यास कारवाईची सुरुवात पहिल्या रांगेपासून व्हावी. अर्जदाराची हरकत नाही. आपला निर्णय काहीही येवो, कारभारींना मात्र ‘पाठवा’ असे सांगून झाले आहे. सुनावणी ठेवायची असल्यास कृपया शुक्रवारी ठेवू नये. त्या दिवशी अर्जदार नगरलाच असेल, पण आपल्या कार्यालयात नसेल.

कळावे.

आपला नम्र, व प्रजासत्ताकदिनी जरा जास्तच आज्ञाधारक,
(सही)
काकासाहेब धांडे
आढळवाडी, दि. ३ फेब्रुवारी २०२५

सोबत :
(१) कवायतप्रमुख नेमल्याच्या परवानगीची प्रत, अर्जदाराच्या सहीसह.
(२) दर्शनी भिंतीवरील वाक्याचे छायाचित्र. स्वल्पविरामानंतरच्या मजकुरावर चुना मारला आहे.