मालक इथे राहत नाहीत

३ ऑक्टोबर
घर तयार. जुन्या जकातदाराचं नदीकाठचं घर, आता सुट्टीला येणाऱ्यांसाठी. सगळं मूळचं ठेवलंय. माळ्याच्या झडपेची कडीसुद्धा मूळचीच, खालच्या बाजूला. बायको म्हणाली, वर कोणी अडकलं तर? म्हटलं, माळ्यावर कोण राहणार आहे? हिला हेरिटेज कळत नाही. नदीकडची खोली आम्हा दोघांची. हे पक्कं.

९ ऑक्टोबर
फोटोत नेमकी आमचीच खोली सुंदर आली. जाहिरातीत टाकली. या सीझनपुरती. आम्ही मागच्या खोलीत. बायको काही बोलली नाही, म्हणजे पटलं असावं.

२१ ऑक्टोबर
मागच्या खोलीलाही मागणी. शिवाय पाहुण्यांना प्रायव्हसी लागते. जाहिरात बदलली: ‘पूर्ण घर फक्त तुमचं. मालक इथे राहत नाहीत.’ बुकिंग धडाधड. बायको भावाकडे गेली. म्हणाली, आपल्यासाठी एक खोली ठेवाल तेव्हा बोलवा. येईल आठवडाभरात. ओळखून आहे मी तिला.

२ नोव्हेंबर
मुक्काम माळ्यावर. तात्पुरता. पाहुणे असताना चालायचं नाही, शिंकायचं नाही, खोकायचं ते उशीत. एकांत छान मिळतो. व्यायामाचा संकल्प. इथे ताठ उभं राहता येत नाही, त्यामुळे उद्यापासून.

८ नोव्हेंबर
व्यायाम नाही. पाहुण्यांच्या मुलीने वर भूत आहे म्हणून घर डोक्यावर घेतलं. एक स्टार गेला. बायकोचा फोन नाही. मीही करणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१४ नोव्हेंबर, सकाळ
मेहुण्याच्या नावाने बुकिंग होतं. फटीतून पाहतो तर बायको. एकटीच. नदीकडच्या खोलीत उतरली. धावत खाली जावंसं वाटलं. पण जाहिरातीत लिहून बसलोय. शेवटी पाहुणा तो पाहुणा. एकदाच खोकलो. हळूच.

दुपार
खालून चहाचा वास आला. बऱ्याच वेळाने खट् असा आवाज. कडी लावली वाटतं. झडप वाऱ्याने वाजत असेल म्हणून. पहिल्यापासून टापटिपीची आहे ती.

१५ नोव्हेंबर
ती गेली. रिव्ह्यू आला: ‘सुंदर घर. मालक खरंच राहत नाहीत.’ पाच स्टार. एकदम हुरूप आला. खाली जायला झडप ढकलली. उघडेना.

तत्त्व बाजूला ठेवून फोन लावला. म्हटलं, मी माळ्यावर आहे, कडी काढायला ये.

म्हणाली, माहीत आहे. लग्न झाल्यापासून तो खोकला ऐकतेय. दोन कप चहा ठेवला होता. तुमचा गार होईपर्यंत वाट पाहिली, मग कडी लावली.

म्हटलं, चुकलं. आता ये.

म्हणाली, येऊ कुठे? बुकिंग बघत होते. तुमचं घर फुल्ल आहे.

पाहिलं. खरंच फुल्ल आहे. नदीकडच्या खोलीसकट, पुढचा सगळा महिना.

फार रडू आलं. उशीत रडलो. खाली नवे पाहुणे आले होते.