पॅसेजमधलं कपाट

बाबा, तुमचं कपाट मी तोडलं. आधी हे सांगतो, मग बाकीचं.

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, पण घर अजून तुमच्याच ताब्यात आहे. आई घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले, गुरुवारी घरी न्या, पण तीन महिने वॉकरशिवाय एक पाऊल नाही. वॉकरची रुंदी एकवीस इंच. दुकानात उभं राहून मी दोनदा टेप लावली. आणि पॅसेजमध्ये तुमच्या कपाटापुढे उरलेली जागा साडेएकोणीस. आईच्या खोलीतून बाथरूमला जायला दुसरा रस्ता नाही. दीड इंच, बाबा! उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत मी लोकांची किचनं बसवतो. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. माझ्या दोन ड्रॉवरच्या फटीत पोस्टकार्ड जात नाही, आणि माझ्याच घरात दीड इंच कमी.

बाहेर काढू म्हटलं तर निघेना. एमआयडीसीत मशीन ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्या तुम्ही शिफ्ट सुटल्यावर रिक्षाच्या टपावर बांधून आणायचात, वाकडे खिळे उंबऱ्यावर ठोकून सरळ करायचात. तेव्हा मी दहावीत. मी म्हणतो, "बाबा, आधी दरवाजा मोजा, हे बाहेर कसं जाणार?" तुम्ही तोंडातला खिळा न काढता म्हणता, "बाहेर कशाला न्यायचंय? मोठा आला शहाणा." आणि जागेवरच उभं केलंत. दारातून आडवं जात नाही, पॅसेजमध्ये उभं वळत नाही. तोडण्याशिवाय उपाय नव्हता.

तोडायच्या आधी ते रिकामं करायला तीन दिवस गेले. श्रीखंडाचे डबे एकीकडे, त्यांची झाकणं दुसरीकडे, एकाचं एकाला बसत नाही. मोटर नसलेला मिक्सर. आणि लग्नपत्रिका, गठ्ठेच्या गठ्ठे, ज्यांच्या लग्नाच्या त्यांची नातवंडं कॉलेजात गेली असतील. मी गोणी उघडली तर तुमची सून आडवी आली. "अहो, प्रत्येकीवर गणपती आहे. कचऱ्यात टाकणार?"

"मग काय करू, आरती करू?"

ती कात्री घेऊन बसली. दुपारभर एकेक गणपती कापून काढला. आता घरात पत्रिका नाहीत, पण बुटाच्या खोक्यात गणपती खच्चून भरलेत, आणि ते खोकं कुठे ठेवायचं यावर वेगळं भांडण आहे.

बदलापूरहून तुमची लेक आली ती दारातूनच रडत. "दादा, बाबांच्या हातची एवढी एकच वस्तू राहिलीय."

"मग तू घेऊन जा."

"माझ्याकडे कुठे जागा आहे रे?"

डोळे पुसून जाताना पाच डबे मात्र घेऊन गेली. झाकणं ठेवून गेली.

बुधवारी तोडायला घेतलं. एका सांध्याला सात खिळे, बाबा. दोन पुरतात! शेवटी कटर लावला. फळ्या जिन्याखाली बांधून ठेवल्या, बेकरीवाला भट्टीसाठी नेणार होता. पॅसेज मोजला, सदतीस इंच. दहावीनंतर इतका मोकळा तो मी कधी पाहिला नव्हता.

गुरुवारी आई आली. वॉकर आरामात निघाला. मी भिंतीला टेकून उभा, कुणी काही कौतुक करतंय का बघत. बाथरूमच्या उंबऱ्याशी तुमच्या सुनेने वॉकर उचलून आत घेतला, आणि आईने सवयीने डावा हात बाजूला टाकला. तिथे काही नव्हतं. ती तशीच कलली. मी झेप घेऊन धरली, नाहीतर नवा खुबा पुन्हा गेला असता. आईला पलंगावर बसवल्यावर तुमची सून हळूच म्हणाली, "त्या रोज कपाट धरूनच आत जायच्या. तुम्ही सगळं मोजलंत. विचारलंत का कुणाला?"

दुकानात धरायचे स्टीलचे दांडे मिळतात, मीच लोकांना बसवून देतो. पण किती उंचीवर? आईला मापासाठी उभी करायची हिंमत नव्हती. जिन्याखाली जाऊन फळ्या सोडल्या, एकेक उलटून बघितली. बाजूच्या एका फळीच्या कडेवर, वीतभर जागेत, रंग पार उडालेला, लाकूड काळपट आणि गुळगुळीत. खालून मोजलं. सव्वातेहेतीस इंच. तेवढ्याच उंचीला तो भाग येईल असा दोन फुटांचा तुकडा कापला, मागे ठोकळे दिले आणि उंबऱ्याशेजारी भिंतीत उभा बसवला. चार स्क्रू. आईने हात टाकला, धरलं, आत गेली. तिच्यासाठी काही बदललंच नव्हतं.

काल बहीण पुन्हा आली. तुमच्या फळीचा तो दांडा हलवून बघितला. पॉलिश मारल्यावर तिलाही ओळखू आला नाही. "भारी आहे रे दादा. कुणी सुचवलं?"

मी म्हटलं, "कोण सुचवणार? माझंच डोकं."

तिला खरं सांगणार नाही. म्हणून इथे, मापांच्या वहीत लिहून ठेवतोय, जिथून ते तिच्यापर्यंत जाणार नाही, आणि तुमच्यापर्यंतही.