एझ्रा टॉलिव्हरची झिणझिण

अल्फारेटा, १४ मार्च २००४

ती. स्व. उल्हासकाका यांस,
अवधूतचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मिरजेहून फ्रिस्कोला विनीताताईकडे येऊन महिना झाला आणि माझं पत्र आत्ता येतंय, म्हणून आधी बोलणी खातो. फोन केला असता, पण फोनवर मी नुसतं हो-हो करतो अशी तुमची तक्रार आहे, आणि आज मला भरपूर बोलायचं आहे.

जुन्या रेकॉर्डमधली खरखर कॉम्प्युटरनं काढणं ही माझी पीएच.डी., हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यासाठी दोन वर्षं मी एकाच माणसाच्या मागे आहे. एझ्रा टॉलिव्हर, इथून तासाभरावरच्या कोव्हिंग्टन गावचा गवंडी. गिटार घेऊन ब्लूज गायचा. ब्लूज म्हणजे इथल्या काळ्या कष्टकऱ्यांचं गाणं. १९२९ साली घरातून निघून अटलांटात एक रेकॉर्ड करून आला, म्हणजे आला कुठला, तिथूनच उत्तरेला कामाला गेला आणि घरी परतलाच नाही. त्या रेकॉर्डची एकच प्रत उरली आहे.

त्याची मुलगी मिस ओलेटा आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांची सही मिळाली की विद्यापीठ साफ केलेलं गाणं प्रसिद्ध करणार. मी ते त्यांना ऐकवलं, तर म्हणाल्या, ही कुणा दुसऱ्याची गिटार आहे, पप्पांची नव्हे. ज्याच्यासाठी लोक पप्पांकडे यायचे तेच यात नाही. काय नाही, असं विचारलं तर ओठ मिटून नुसतं गुणगुणल्या. मूळ प्रत इतकी खराब आहे की ती ऐकवायची मला लाज वाटली. मे महिन्यात माझा डिफेन्स, म्हणजे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, जूनपासून क्युपर्टिनोच्या कंपनीत नोकरी, आणि म्हातारी अडून बसली आहे. सोबतच्या सीडीवर दोन्ही आहेत. तुमच्या कानांनी ऐका आणि माझं काय चुकलं ते सांगा.

सर्वांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.
आपला,
अवधूत

फ्रिस्को, २६ मार्च २००४

चि. अवधूत यास,
उल्हासकाकाचे अ. उ. आशीर्वाद.

सीडी पोचली. इथं मला करमत नाही हे आधी सांगून टाकतो. चालायला रस्ते आहेत, पण चालत जाऊन पोचावं असं ठिकाण एकही नाही. स्वानंदीला मराठीत काही विचारलं की नात इंग्रजीत उत्तर देते. पण तिनंच हेडफोन लावून दिला.

तुझं साफ केलेलं ऐकलं. गुळगुळीत आहे. मग मूळ चार वेळा ऐकलं आणि मला तुझा राग आला. रेकॉर्डची खरखर सारखी चालू असते. माणूस गातोय की थांबलाय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. पण तिच्याखाली एक झिणझिण आहे. ती तार छेडल्यावर उठते आणि तारेबरोबर विझते. असा आवाज वाद्याचाच असतो, बाबा. त्या गवंड्यानं गिटारीला पत्र्याचा तुकडा किंवा असंच काहीतरी बांधलं असणार. आपण तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावतो, ती अशाच झिणझिणीसाठी ना? तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षं घोड्या घासल्या, तू त्यांच्या तंबोऱ्यांच्या दुकानातल्या भुशात रांगलास, आणि तूच जवारीला कचरा समजून पुसलीस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

म्हातारी शहाणी आहे. जेवण वेळेवर घेत जा. काकूचा आशीर्वाद.
उल्हासकाका

अल्फारेटा, १८ एप्रिल २००४

ती. स्व. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून तीन दिवस मूळ रेकॉर्डच ऐकत बसलो. मग तपासलं. तुमचं खरं आहे.

कोव्हिंग्टनच्या चर्चमध्ये जाऊन बसलो. तिथल्या गिटारवाल्याच्या तारांखाली पत्र्याची पट्टी होती. कुणाकडून शिकलास विचारलं, तर म्हणाला, इकडे सगळेच लावतात. अटलांटातल्या बँडमधली पोरंही लावतात. पुस्तकांत मात्र ही युक्ती दुसऱ्या महायुद्धानंतर कुणीतरी काढली असं छापलंय. ती त्याच्याही आधी एझ्रानं केली याला पुरावा ही एकच रेकॉर्ड, आणि मी नेमका तोच पुसून प्रसिद्ध करायला निघालो होतो.

माझे मार्गदर्शक सर म्हणतात, आता हा विषय काढू नकोस, पदवी घे, मग कुठंतरी तळटीप घालू. प्रबंधातला मुख्य निष्कर्षच त्या झिणझिणीला खरखर धरून काढलेला आहे. ती परत ठेवायची तर निम्मं काम पुन्हा, वर्ष जाणार, नोकरी जाणार. आई फोनवर म्हणाली, गप्प बस आणि पदवी घे. तुम्हाला ऐकूच आलं नसतं तर फार बरं झालं असतं. हे मी रागानंच लिहितोय, तरी लोभात वजाबाकी करू नये.
अवधूत

फ्रिस्को, ३० एप्रिल २००४

चि. अवधूत यास,
अ. उ. आशीर्वाद.

मी सल्ला देणार नाही. एका पत्रानं मी पोराची नोकरी घालवतोय असं विनीताचं म्हणणं आहे, आणि दोन दिवस मला चहाला हाक मारलेली नाही. पदवीचं तुझं तू बघ. पण सही-बिही विसर आणि मूळ रेकॉर्ड त्या बाईंना ऐकवून ये. रेकॉर्डवर त्यांच्या वडिलांना त्यांच्याआधी मी ऐकलं, हे मला बरं वाटत नाही.
उल्हासकाका

अल्फारेटा, २३ मे २००४

ती. स्व. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

डिफेन्स कॅन्सल केला. क्युपर्टिनोवाल्यांनी दुसरा माणूस घेतला. सर बोलत नाहीत. मी मोठं काही केलंय असं अजिबात वाटत नाही, नुसता वैताग आलाय.

काल मिस ओलेटांकडे गेलो आणि मूळ प्रत लावली. पहिल्या तारेलाच त्यांनी हात वर केला, मला गप्प बसवायला. संपल्यावर पुन्हा लाव म्हणाल्या. मग उठून आतून पत्र्याची एक वाकलेली पट्टी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर आपटली. ही पप्पांची, म्हणाल्या. रेकॉर्ड करायला निघाले तेव्हा घाईत सापडली नाही, घरीच राहिली. मग यात वाजतंय ते काय, असं मलाच विचारलं. मला काय माहीत, मी रेकॉर्ड पुन्हा लावली.

तिसऱ्यांदा ऐकून त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, हे तर झाकण आहे. वडील घरातून निघाले त्याच आठवड्यात आईच्या बेकिंग पावडरच्या डब्याचं पत्र्याचं झाकण हरवलं होतं. आईनं नऊ वर्षांच्या ओलेटाला त्यावरून फोकानं मारलं. मी घेतलं नाही, असं ती सांगत राहिली, आणि आई शेवटपर्यंत तिला खोटारडी म्हणत राहिली.

झिणझिण ठेवून गाणं प्रसिद्ध करायला त्यांनी सही केली, पेन इतकं दाबून की कागद फाटला. मग मला विचारलं, आईला जाऊन चाळीस वर्षं झाली, आता हे मी कुणाला सांगू? म्हणून तुम्हाला कळवतोय.

जीव लावलात तसाच लावत राहावा.
आपला,
अवधूत