वडशाचं लाल टॉनिक

नागपूर, दवाखाना

तीर्थरूप बाबा,

पाया पडते. माझा निकेश बरा आहे. काल अर्धी वाटी वरणभात जेवला. फोनवर मले रडू येते, म्हणून लिहून राह्यली. आईचे गुडघे कसे आहेत?

बाबा, आता वडशावरून रक्तवाढीचं टॉनिक आणू नका. सिकलसेलच्या बिमारीसाठी त्याले इतक्या वेळा रक्त चढवलं, की त्यातलं लोह लिव्हरमधी साचलं म्हणतात. टॉनिकातबी लोहच असते. तुमी मनाले लावून घेऊ नका. पोरगं फिक्कं दिसे, म्हणून आपण सगळ्यायनंच पाजलं.

आता फोलिकची गोळी तेवढी चालू आहे. तिच्यानं नवीन रक्त बनते. मी विचारलं, मंग बरा होईन का? डॉक्टर म्हणाले, नव्या रक्ताच्या पेशीबी तशाच वाकड्या बनतात, बाई.

निकेश विचारते, आबा लाल औषध घेऊन कवा येतात? त्याले ते गोड लागे. याल तवा त्याच्यासाठी फुटाणे आणा. वरणभाताचं मी खोटंच लिवलं; आता त्याच्यानं काहीच खाणं होत नाई, पण तुमी आणलेलं मुठीत धरून झोपन.

तुमची पोरगी,
नीलिमा