पहिलं वळण

मंगळवार, दिवेलागण

आजबी गाडी पहिल्याच वळणावर गवतात गेली. आठवडा झाला, कॉलेजातून शिकवून आलो की हेच करून राहिलो. लहानपणी खेळायचो त्या डॉसवरच्या रेसिंग गेमसाठी जुनं ग्राफिक्स कार्ड शोधून बसवलं, रंग कमी केले, कॉम्प्युटरचा स्पीड उतरवला. चित्र अगदी पहिल्यासारखं दिसतंय, पण वळण काही जमंना. कार्डातच खोट असेल, दुसरं काय? लई दमलो.

शेवटी मुरुडला थोरल्या भावाला फोन लावला. "अण्णा, नांदेडच्या कॉम्प्युटर क्लासात ती गाडीची गेम खेळताना आपण काय सेटिंग ठेवायचो रे?"

अण्णा हसला. "सेटिंग कसली आलीय? दोघांत एक कॉम्प्युटर होता. तू निस्ता स्पीड द्यायचास, वळवायचो मी."

खरंच की. बाणांची बटनं त्याच्याकडं असायची. म्हणजे ते वळण मी कधी घेतलंच न्हाई. आणि इतकी वर्षं कॉलेजातल्या पोरांना सांगत आलो, वळणावर मला कुणी धरत नव्हतं म्हणून.

कार्डाच्या सेटिंगा होत्या तशा करून टाकल्या. दुसरी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग ध्यानात आलं, अण्णाला रविवारी ये म्हणायचं राहूनच गेलं.